भाकरी कोणाच्या कष्टाची?

नवी पेठेत खरेदीस आलेला परगावचा पाहुणा चादरीबरोबर कडक भाकरी आणि शेंगा चटणीही बांधून नेतो. ‘जुन्या जेवणाची चव गॅसवरच्या जेवणाला नाही,’ हे उद्गारही आपल्या कानांवर नेहमी येतात. चुलीवरची भाकरी की गॅसवरची, जात्यावरचे पीठ की चक्कीचे, हा वाद घरोघर आहे. परंतु या वादात बहुधा जेवणारेच बोलतात. दळणारी व थापणारी बोलत नाही. तिच्या बाजूने सोलापूरचा इतिहास कसा दिसतो, तेवढेच आम्हांस येथे मांडावयाचे आहे.

आपल्या शहरात ‘गिरणी’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक सूत काढणारी, दुसरी पीठ दळणारी. १८७७ साली जुनी गिरणी चालू झाली आणि पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम या गिरण्या उभ्या राहिल्या. सूर्यावर चालणारी माणसे भोंग्यावर चालू लागली. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने कामकरी स्त्रीच्या दिवसाला ११ तासांची मर्यादा घातली. पण हा दिवस फाटकाच्या आतला. त्याआधी पहाटे घरच्या जात्यावर जी पहिली पाळी भरे, तिची नोंद कोणत्याच हजेरीपटावर नव्हती.

ज्वारीच्या पिठाचा एक स्वभाव आहे. ते फार दिवस राहिले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना तुटते. म्हणून दळण थोडे थोडे आणि वारंवार करावे लागे. मालदांडीचा गोडवा आपण वाखाणतो. त्याची किंमत पहाटेच्या झोपेने चुकती होत होती. पुढे पिठाची गिरणी गल्लीत आली, तेव्हा ‘चक्कीत पीठ तापते, चव जाते’ अशी तक्रार झाली. ती आम्ही वडीलधाऱ्या पुरुषांच्या तोंडून ऐकली आहे. आमच्या आईने ती कधी केली नाही. ती घरी विड्या वळी. मजुरी हजारावर, दळणात तास गेला की तितक्या विड्या कमी. आमचे जाते कोपऱ्यात गेले, लग्नात हळद दळण्यापुरते बाहेर निघू लागले, आणि आईला तासभर झोप अधिक मिळाली. या एका तासाला आम्ही प्रगती म्हणतो.

मात्र नवे ते सगळे आपल्या निवडीने आले, असेही नव्हे. १९५६ च्या करारानंतर अमेरिकेचा गहू रेशनवर आला. १९७२ च्या दुष्काळात लाल मिलो खाऊन माणसे जगली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याचा दर किलोला १ रुपया लिहिला गेला, तरी शिधापत्रिकेवर हाती पडला तो मुख्यतः गहू आणि तांदूळ. २०२३ हे जागतिक भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. ज्वारीची थोरवी सर्वांनी गायिली. बाजारात मात्र चांगली ज्वारी अनेकदा गव्हाहून महाग असते. गरिबाने भाकरी सोडली ती फॅशनसाठी सोडली, असे म्हणणाऱ्यांनी आधी तिचा भाव विचारावा. चुलीचेही तसेच. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, घरात शेगडी आली. पण सिलिंडर परवडेना की बाई पुन्हा धुरात बसते. चुलीवरच्या चवीचे कौतुक तिच्या डोळ्यांना विचारून करावे.

येथे आमचा स्वतःचा दोषही सांगितला पाहिजे. यंत्रमागावरच्या बारा तासांच्या पाळीविरुद्ध आम्ही वर्षानुवर्षे सभा घेतल्या, आणि सभा आटोपून रात्री घरी आलो की गरम भाकरीची वाट पाहात बसलो. आठ तासांचा मुद्दा आमच्या उंबरठ्याबाहेरच राहिला. एकदा विडी कामगार स्त्रियांच्या सभेत एकीने विचारले, “भाऊ, आमची पाळी कधी सुटते?” आमच्यापाशी उत्तर नव्हते.

उत्तराचा मार्ग मात्र स्त्रियांनीच दाखविला आहे. मुंबईत गिरणी कामगारांसाठी खाणावळी चालविणाऱ्या बायांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले. जे घरकाम समजले जात होते ते धंदा ठरले, त्याला बँकेचे कर्ज मिळू लागले. आपल्या जिल्ह्यातील बचतगटांच्या स्त्रिया आज कडक भाकरी थापून पुण्या-मुंबईस पाठवितात. पातळ थापून वाळविलेली, कित्येक दिवस टिकणारी ही भाकरी जुनीच. तिचे दाम मोजून घेण्याची रीत मात्र नवी.

तेव्हा जुने चांगले की नवे, असा प्रश्न आम्ही विचारीत नाही. ज्याला जुनी चव हवी, त्याने थापणारीला पुरती मजुरी द्यावी. आणि घरच्या घरी हवी असेल, तर परातीपुढे स्वतः बसावे. आम्ही वयाच्या पन्नाशीनंतर बसू लागलो. पहिल्या भाकऱ्या तुटल्या. आता बऱ्या होतात.