ताराबाईंच्या घरची नाटक मंडळी

मराठी रंगभूमीवर स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करण्याची सुरुवात कधी झाली, असे विचारले की बहुधा एकच तारीख सांगितली जाते : १ जुलै १९३३. त्या दिवशी मुंबईत ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणले. मूळ कृती नॉर्वेच्या ब्यर्न्सनची, रूपांतर श्रीधर विनायक वर्तकांचे, आणि स्त्रीभूमिकांत ज्योत्स्ना भोळे व पद्मावती वर्तक. तारीख पक्की आहे. तिला जोडलेला ‘सुरुवात’ हा शब्द मात्र तपासून घ्यायला हवा. कारण हिराबाई बडोदेकरांच्या चरित्रविषयक नोंदींमध्ये याच्या चार वर्षे आधीचे एक साल येते. १९२९ : ‘नूतन संगीत विद्यालया’ची नाट्यशाखा. संस्था ताराबाई माने आणि त्यांच्या मुलांची. रंगमंचावर मुली आणि मुलगे दोन्ही.

पहिला पुरावा नावांचा, आणि तो कोणालाही पडताळून पाहता येतो. जुन्या ध्वनिमुद्रिकेच्या मधोमध असलेली गोल चिठ्ठी वाचावी : ‘हिराबाई बडोदेकर’. वडील होते किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ. आई ताराबाई, बडोद्याच्या सरदार मारुतीराव माने यांची कन्या. मुलगी जन्मली मिरजेला, १९०५ च्या मे महिन्यात (कुठे २९ तारीख छापली आहे, कुठे ३०), आणि तिचे पहिले नाव होते चंपाकली. थोरला भाऊ अब्दुल रहमान पुढे सुरेशबाबू माने झाला. धाकटी बहीण सकीना सरस्वती झाली, म्हणजे पुढच्या सरस्वतीबाई राणे. ‘खाँ’ एकाही नावामागे नाही. एका नावामागे आईचे गाव आहे, तर दुसऱ्यामागे आईचे घराणे. त्या तीन इंची चिठ्ठीवर एका मोडलेल्या संसाराची नोंद आहे, आणि मुले कोणाबरोबर गेली याचीही.

ताराबाई मुलांना घेऊन कधी वेगळ्या झाल्या? येथे कागद एकमेकांशी भांडतात. १९१८ सापडते, तसेच १९२२ ही. चार वर्षांचा हा फरक वरवर किरकोळ वाटेल, पण त्यात एक मोठी गोष्ट अडकली आहे. १९२१ मध्ये, सोळाव्या वर्षी, हिराबाई विष्णु दिगंबर पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयाच्या परिषदेत मुंबईला गायल्या. ती त्यांची पहिली जाहीर हजेरी मानतात. मुलींनी जाहीर गावे हे खाँसाहेबांना पसंत नव्हते, असे सांगितले जाते. वेगळे होण्याचे साल १९२२ धरले, तर ही मुलगी वडिलांच्या छपराखाली राहून व्यासपीठावर बसली. १९१८ धरले, तर आईच्या घरातून.

माझा कल १९१८ कडे आहे, आणि त्याचे कारण तालमीत आहे. हिराबाईंचे गुरू म्हणून दोन नावे ठळकपणे येतात : भाऊ सुरेशबाबू आणि अब्दुल वहीद खाँ. किराण्याचा एवढा मोठा गवई घरात असताना मुलीची तालीम इतरांकडे व्हावी, याचा सरळ अर्थ तो घरात नव्हता असा लागतो. हे अनुमान आहे, आणि ते अनुमान म्हणूनच घ्यावे. खाँसाहेबांचे चरित्र त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी लिहिले. शिष्याने लिहिलेल्या चरित्रात गुरूची बाजू जवळून दिसते. ताराबाईंची बाजू समजून घ्यायला तेवढ्याच जवळचा साक्षीदार हवा होता.

आता १९२९ च्या सालाला एक अडथळा येतो. सरस्वतीबाई सातव्या वर्षापासून संगीत नाटकांत काम करत होत्या, असे छापलेले आढळते. त्यांचा जन्म ४ ऑक्टोबर १९१३ चा. सातवे वर्ष म्हणजे १९२०-२१. त्या वेळी नाट्यशाखा नव्हतीच. १९२९ मध्ये त्या पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या. तेव्हा एकतर ‘सात’ हा आकडा कौतुकाच्या भरात खाली आला आहे, किंवा त्या लहानपणी दुसरीकडे कुठे उभ्या राहिल्या होत्या. दोन्ही शक्यता धरल्या तरी १९२९ ला धक्का लागत नाही.

मला सर्वात बोलका वाटतो तो नाटकांच्या यादीचा पुरावा. सौभद्र, संशयकल्लोळ, विद्याहरण, पुण्यप्रभाव, एकच प्याला, मृच्छकटिक. पुढे युगांतर आणि साध्वी मीराबाईही आली, पण सुरुवातीचा भार या जुन्या, गाजलेल्या नाटकांवर. नव्या कंपनीने नवे नाटक घ्यावे, म्हणजे तुलना टळते. यांनी ती टाळली नाही. ‘एकच प्याला’ गंधर्व नाटक मंडळीने १९१९ मध्ये बडोद्यालाच प्रथम केले होते आणि सिंधू म्हणजे बालगंधर्व हे समीकरण प्रेक्षकांच्या मनात कोरलेले होते. स्त्री कशी चालते, पदर कसा सावरते, हे प्रेक्षक एका पुरुषाकडून शिकले होते. त्याच पदांना, त्याच प्रवेशांना एक स्त्री उभी राहिली, हे धाडस यादीतल्या एका नावात वाचता येते.

मग १९२९ ला ‘पहिली’ म्हणावे का? तेही नाही. केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्या महाराष्ट्रात त्याआधीच होत्या. कमलाबाई गोखले यांनी १९१३ मध्ये फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ चित्रपटात आई दुर्गाबाई कामत यांच्यासह काम केले, मग रघुनाथराव गोखल्यांच्या चित्ताकर्षक मंडळीत त्या नायिका झाल्या, आणि पुढे मनोहर स्त्री संगीत मंडळीत पुरुषभूमिकाही केल्या. रीना मोहन यांच्या ‘कमलाबाई’ या माहितीपटात नव्वदीतल्या कमलाबाई स्वतः बोलतात. असा साक्षीदार कागदापेक्षा भारी. कलकत्त्यात तर बेंगॉल थिएटरने १८७३ मध्येच नटी घेतल्या होत्या.

तेव्हा एवढे खात्रीने म्हणता येते : १९३३ ही सुरुवात नव्हे. ताराबाईंच्या मंडळीचे वेगळेपण पहिलेपणात नाही, रचनेत आहे. आई पाठीशी, गाणारी भावंडे एकत्र, स्त्रीभूमिका स्त्रियांकडे आणि पुरुषभूमिका पुरुषांकडे, आणि नट-नटींना जोडणारे नाते बहीण-भावाचे. ‘चांगल्या घरच्या बाया’ रंगमंचावर येत नाहीत असे म्हणणाऱ्या समाजात हे नाते ढालीसारखे वापरले गेले असावे. हेही अनुमान, पण यादी आणि नावे शेजारी ठेवली की ते पटू लागते.

मंडळी फार टिकली नाही. ती तोट्यात गेली. १४ मार्च १९३१ ला ‘आलम आरा’ लागला, पुढच्या वर्षी ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला, आणि संगीत नाटकांचा प्रेक्षक पांगला. हिराबाई मैफलीकडे वळल्या. १९३७ च्या ‘प्रतिभा’ चित्रपटात त्या दिसतात, १९७० मध्ये पद्मभूषण होतात. चरित्रे तो सगळा काळ सविस्तर सांगतात. नाटकाची वर्षे मात्र दोन-तीन परिच्छेदांत संपतात.

ती भरून काढायची जागा वर्तमानपत्रे आणि हस्तपत्रके. नाटक कंपन्या वऱ्हाड-नागपूरला फिरतीवर येत, आणि गोपाळराव ओगल्यांचे ‘महाराष्ट्र’ तेव्हा नागपूरहून निघत होते. १९२९ ते १९३३ च्या अंकांच्या फायली ज्या वाचनालयात असतील, तेथे जाहिरातींची पाने सावकाश पाहावीत. घरातल्या जुन्या पेटीत एखादे पिवळे हस्तपत्रक निघाले, आणि त्यावर ‘नूतन संगीत’ ही अक्षरे दिसली, तर कृपा करून ते रद्दीत देऊ नका. त्यावर तारीख, गाव आणि पात्रांची नावे असतील.