रान तुटते तेव्हा

इ. स. १८१९ च्या एप्रिल महिन्यात जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी वाघूर नदीच्या खोऱ्यात शिरला आणि अजिंठ्याची लेणी जगापुढे आली. इतिहासग्रंथांत हा प्रसंग लेण्यांसाठी सांगितला जातो. आम्हांस मात्र त्यातील दुसरी साक्षही तितकीच मोलाची वाटते. दोनशे वर्षांपूर्वी या डोंगरांत वाघाला आसरा मिळेल एवढे रान होते. पुढे ते रान विरळ झाले आणि वाघ नाहीसा झाला. २०२१ साली यवतमाळकडील टिपेश्वर अभयारण्यातून भटकत आलेला एक वाघ गौताळ्यात पोहोचला, तेव्हा त्याची वर्तमानपत्रांत केवढी मोठी बातमी झाली! वाघाचे जाणे-येणे सर्वांना कळते. त्याच रानातील गाणारी लहान पाखरे मात्र कोणाच्याही नकळत निघून जातात.

या प्रदेशातील रानतोडीचा इतिहास जुना आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसविली. पुढे औरंगजेबाच्या काळात तिचे औरंगाबाद झाले आणि मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे ते मुख्य ठाणे बनले. एवढ्या मोठ्या नगराच्या चुली सरपणावर पेटत आणि इमारतींना लाकूड लागे. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडहून लोहमार्ग आला. त्यानंतर शेती वाढली, वस्ती वाढली आणि उद्योग आले. आज मराठवाडा हा महाराष्ट्रातील सर्वांत कमी वनांचा विभाग आहे. १९८६ साली घोषित झालेले गौताळा-औट्रमघाट अभयारण्य सुमारे २६० चौरस किलोमीटरचे आहे. जुन्या रानाची उरलेली मोठी ठेव ती हीच.

पाखरांच्या इतिहासाची सुरुवात आम्हांस डॉ. सलीम अली यांच्यापासून करावी लागते. १९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी केली. आपला जिल्हा त्या वेळी त्याच संस्थानात होता. दिल्ली दरवाजाजवळील जुन्या खिजरी तलावाला आज त्यांचेच नाव आहे. त्यांनी ही पाहणी केली तेव्हा रान पुष्कळ तुटून गेले होते. म्हणजे आपल्या हाती असलेली पहिली मोठी नोंदसुद्धा अर्ध्या रिकाम्या झालेल्या घराची आहे.

रान म्हणजे केवळ झाडांची संख्या नव्हे. दयाळ झाडाच्या ढोलीत घरटे करतो. स्वर्गीय नर्तकाला ओढ्याकाठची सावली आणि उडते किडे हवे असतात. हळद्या उंच झाडांच्या दाट पर्णभारात वावरतो. पावसाळ्यात येणारा नवरंग जमिनीवरील पालापाचोळा उलथून आपले अन्न शोधतो. कुऱ्हाड चालली की ढोली, सावली, किडे आणि पाचोळा ही सारीच एकदम जातात. उरलेल्या तुकड्यांच्या कडांवरून कावळे आणि मांजरे घरट्यांपर्यंत सहज पोहोचतात. साळुंकी आणि बुलबुल मात्र वस्तीशी जुळवून घेतात, त्यामुळे पाखरांचा आवाज बंद पडत नाही. ऐकणाऱ्याला वाटते, सारे ठीक आहे. प्रत्यक्षात अनेक सुरांच्या जागी दोन-तीनच सूर उरलेले असतात.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. गाणाऱ्या पाखराचे पिल्लू पूर्ण गाणे घेऊन जन्माला येत नाही. ते बापाचे आणि शेजाऱ्यांचे गाणे ऐकून शिकते. ऑस्ट्रेलियात रीजंट हनीईटर नावाचा एक पक्षी आहे. त्याची राने शेतीसाठी तोडली गेली आणि आता जेमतेम काहीशे पक्षी उरले आहेत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, शिकवायला वडीलधारे न उरल्याने त्यांतील काही नर दुसऱ्याच जातींची गाणी गातात आणि अशांना मादी मिळणे कठीण जाते. रान तुटले, पाखरे विखुरली आणि जे थोडे उरले ते आपली बोली विसरले! ज्यांनी एखादी भाषा शेवटच्या चार वृद्धांच्या तोंडी विझताना पाहिली आहे, त्यांना या दुःखाची जात निराळी करून सांगावी लागणार नाही.

आपल्या देशातील चित्रही चिंतेचे आहे. २०२३ च्या राष्ट्रीय अहवालात ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल ठरविता आला, त्यांपैकी ६० टक्के जाती घटल्याचे दिसले.

यावर वृक्षारोपण हा उपाय सांगितला जातो. तो चांगलाच आहे, परंतु गिरिपुष्पाच्या एकसारख्या रांगा म्हणजे रान नव्हे. शिवाय उघडे माळरान हे पडीक नसते, ते चंडोलाचे घर असते. तेथे झाडे दाटीने लावली तर एकाला वसविताना दुसऱ्याला उठविल्यासारखे होते. अजिंठ्याच्या रस्त्याचे रुंदीकरण झाले तेव्हा दुतर्फाचे जुने वृक्ष गेले. एका जुन्या वडाची फळे आणि ढोल्या शंभर रोपे मिळूनही कित्येक वर्षे देऊ शकत नाहीत. म्हणून नवे लावण्याआधी जुने राखावे, हा क्रम आम्हांस योग्य वाटतो. गौताळ्याचे रान आणि शहरातील हिमायतबागेची जुनी झाडे राखणे हे या दृष्टीने शाळा राखण्यासारखे आहे. झाड पुन्हा लावता येते. गाणे मात्र गाणाऱ्याकडूनच शिकावे लागते.