वायुवर्णलेखन : नमुना-प्रवेशिकेचा विकास

वायुवर्णलेखनात मिश्रणाचे घटक बाष्परूपात एका लांब नळीतून, म्हणजे स्तंभातून, वाहक वायूबरोबर नेले जातात. स्तंभातील स्थिर द्रव्याबद्दल प्रत्येक घटकाची आसक्ती वेगवेगळी असल्याने ते निरनिराळ्या वेळी बाहेर पडतात व टोकाशी असलेला अभिज्ञातक त्यांची एकामागून एक नोंद करतो. या प्रवाहात नमुना जेथून शिरतो त्या लहानशा कोठडीला नमुना-प्रवेशिका म्हणतात. उपकरणाच्या वर्णनात स्तंभ व अभिज्ञातक यांनाच बहुधा मान मिळतो. परंतु प्रवेशिकेत जो घटक मोडला, भिंतीला चिकटला किंवा वाटेत निसटला त्याचा पत्ता पुढच्या भागाला, तो कितीही संवेदनशील असला तरी, लागत नाही. पाण्यात अमुक कीटकनाशक आढळले नाही असा अहवाल येतो तेव्हा ते पाण्यात नव्हतेच की प्रवेशिकेत नाहीसे झाले, हे नुसत्या आलेखावरून नेहमीच सांगता येत नाही. ही शंका रसायनशास्त्रज्ञांना उशिरा आली व ती आल्यावरच प्रवेशिकेच्या रचनेला खरी गती मिळाली.

वर्णलेखनात फिरते माध्यम द्रवाऐवजी बाष्प असू शकेल, ही कल्पना आर्चर मार्टिन व रिचर्ड सिंज यांनी १९४१ मध्ये लीड्स येथे काम करीत असताना मांडली होती. ती प्रत्यक्षात आणणारा निबंध मार्टिन यांनी ए. टी. जेम्स यांच्यासमवेत १९५२ मध्ये प्रसिद्ध केला. लंडनच्या मिल हिल भागातील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत त्यांनी वसाम्ले वेगळी केली होती. त्यांच्या उपकरणाला प्रवेशिका म्हणावी असा स्वतंत्र भाग नव्हता. नमुना बारीक काचनळीने स्तंभाच्या तोंडाशी भरणावर ठेवला जाई. तेथपासूनच एक अट स्पष्ट झाली होती. नमुना स्तंभात एका क्षणात व अरुंद पट्ट्याच्या रूपात शिरला पाहिजे. तो रेंगाळत आत आला, तर बाहेर पडणारी शिखरेही तितकीच पसरट होतात आणि शेजारचे घटक एकमेकांत मिसळून जातात.

ही अट सोयीस्कर रीतीने पुरी करणारी रचना १९५५ मध्ये बाजारात आलेल्या पर्किन-एल्मर कंपनीच्या १५४ क्रमांकाच्या उपकरणात होती. तापविलेल्या धातूच्या ठोकळ्यातील पोकळीचे तोंड रबरी पडद्याने बंद केलेले असे. पिचकारीची सुई पडद्यातून खुपसून द्रव नमुना आत सोडला की त्याचे तत्काळ बाष्प होते असे मानीत. सुई बाहेर काढताच रबर आपोआप मिटे, त्यामुळे वायूचा प्रवाह थांबवावा लागत नसे. मायक्रोलिटर (मिलिलिटरचा हजारावा भाग) मोजणाऱ्या पिचकाऱ्या त्याच दशकात मिळू लागल्या आणि पिचकारी, पडदा व तापलेली पोकळी हे त्रिकूट रूढ झाले. सत्तर वर्षांनंतरही ते मोडलेले नाही. पडद्यासाठी पुढे सिलिकोन रबर आले. तेही तापल्यावर बाष्पे सोडते व आलेखावर नमुन्यात नसलेल्या पदार्थांची शिखरे उमटतात. म्हणून पडद्याच्या खालून दर मिनिटाला दोन-तीन मिलि. वायू सतत बाहेर वाहता ठेवण्याची व्यवस्था करण्यात आली.

त्या काळचे स्तंभ भरणयुक्त, सु. २ ते ४ मिमी. आतील व्यासाचे होते व त्यांतून मिनिटाला ३० मिलि.च्या आसपास वायू वाहत असे. इतक्या प्रवाहात प्रवेशिकेतील बाष्प दोन-तीन सेकंदांत स्तंभात ढकलले जाई. रचनेतील दोष त्यामुळे झाकून गेले. मार्सेल गोले यांनी १९५७-५८ मध्ये केशनलिका स्तंभाचा सिद्धांत व प्रयोग मांडले, तेव्हा हे चित्र बदलले. पाव मिमी. व्यासाच्या, आतून पातळ लेप दिलेल्या पोकळ नळीची वेगळे करण्याची क्षमता पूर्वीच्या स्तंभापेक्षा कितीतरी अधिक होती. मात्र अशा नळीतून मिनिटाला जेमतेम १ मिलि. वायू जातो आणि प्रत्येक घटकाचे ५० ते १०० नॅनोग्रॅमपेक्षा (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग) अधिक वजन तिला पेलत नाही. एक मायक्रोलिटर पेट्रोलाचे वजनच सु. ७ लाख नॅनोग्रॅम भरते. इतका सूक्ष्म नमुना नोंदू शकणारा ज्योत-आयनीकरण अभिज्ञातक ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका येथील संशोधकांनी त्याच सुमारास स्वतंत्रपणे तयार केला होता. प्रश्न राहिला तो नमुना आत नेण्याचा, कारण एवढे अल्प प्रमाण पिचकारीने मोजताच येत नव्हते.

यावरील उपाय सरळ होता. जास्त नमुना बाष्परूप करावयाचा व त्याचा बहुतेक भाग टाकून द्यावयाचा. ब्रिटिश पेट्रोलियम कंपनीतील डी. एच. डेस्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ च्या सुमारास अशी विभाजक प्रवेशिका वापरली. तीत वायूला दोन वाटा असतात. शंभरातील एक भाग स्तंभात जातो व उरलेले नव्व्याण्णव भाग झडपेतून बाहेर पडतात. खनिज तेलाच्या विश्लेषणात नमुन्याची वाण नसल्याने ही उधळपट्टी कोणालाही खुपली नाही. खुपणारी गोष्ट वेगळी होती. टाकलेला व ठेवलेला भाग यांची घडण एकसारखीच आहे हे गृहीत धरले जाई, आणि ते बरेचदा खोटे ठरे. कमी उकळबिंदूचे घटक सुईतूनच आधी उकळून निघत, तर जड घटकांचा काही भाग सुईच्या आतल्या भिंतीवर मागे राहून तिच्याबरोबर बाहेर येई. धातूच्या सुईत अर्धा ते एक मायक्रोलिटर द्रव मावतो, म्हणजे जवळजवळ नमुन्याइतकाच. या पक्षपातात सुईचा किती वाटा आहे हे कुर्ट ग्रोब (धाकटे) व एच. पी. नॉयकोम यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले. पुढे यंत्राने चालणाऱ्या पिचकाऱ्या आल्या. त्या सुई तापण्यापूर्वीच नमुना सोडून बाहेर येतात, त्यामुळे हा दोष बराच कमी झाला.

नमुन्यातील मोजावयाचा पदार्थ मुळातच अत्यल्प असेल, तर शंभरातील नव्व्याण्णव भाग फेकणे परवडत नाही. स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे थोरले कुर्ट ग्रोब व त्यांच्या पत्नी जी. ग्रोब यांच्यापुढे हीच अडचण होती. शरीरातील स्टेरॉइडे आणि पुढे झुरिकच्या सरोवरातील व पिण्याच्या पाण्यातील कार्बनी पदार्थांचे लेश हे त्यांच्या अभ्यासाचे विषय होते. १९६९ मध्ये त्यांनी अविभाजक प्रवेशाची पद्धत प्रसिद्ध केली. तीत विभाजनाची झडप प्रथम बंद ठेवतात, सर्व बाष्प स्तंभात जाऊ देतात आणि अर्ध्या ते एका मिनिटाने झडप उघडून मागे उरलेले विद्रावकाचे बाष्प झाडून टाकतात.

वरवर पाहता ही पद्धत चालू नये. प्रवेशिकेतील काचेच्या आतील नळीचे घनफळ सु. १ मिलि. असते आणि स्तंभातील प्रवाह मिनिटाला १ मिलि. असतो. म्हणजे नमुना आत यायला जवळजवळ एक मिनिट लागणार, तर शिखराची रुंदी हवी थोड्या सेकंदांची. स्तंभ थंड ठेवल्याने हा पेच सुटला. स्तंभाचे तापमान विद्रावकाच्या उकळबिंदूहून सु. २०° से. खाली ठेवले, तर विद्रावक स्तंभाच्या आरंभी पुन्हा द्रवरूप होतो, त्याच्या थरात नमुन्याचे घटक अडकून साचतात आणि स्तंभ तापविल्यावर अरुंद पट्ट्यांनी पुढे सरकतात. जड घटक तर विद्रावकाच्या मदतीशिवायही थंड स्तंभाच्या तोंडाशीच थबकतात. नमुना हळूहळू आला तरी चालेल, त्याची वाटचाल एकदम सुरू झाली म्हणजे झाले! स्तंभाच्या तोंडाशी १९५२ पासून घातलेली जुनी अट ग्रोब दांपत्याने अशा रीतीने प्रवेशिकेकडून काढून स्तंभाकडे सोपविली.

त्याबरोबर बाष्पाच्या घनफळाचा हिशेब मात्र काटेकोरपणे करावा लागू लागला. २५०° से. तापमानास व वातावरणाच्या सु. पावणेदोन पट दाबाखाली १ मायक्रोलिटर हेक्झेनाचे सु. १९० मायक्रोलिटर, तर तेवढ्याच पाण्याचे सु. १,४०० मायक्रोलिटर बाष्प होते. हेक्झेन १ मिलि.च्या नळीत सहज मावते. पाणी मावत नाही आणि बाष्प उसळून वायूच्या नळ्यांत व पडद्याखाली शिरते. तेथे थंड होऊन बसलेला अंश पुढच्या नमुन्याच्या आलेखात डोकावतो. निर्दोष पाण्यात दोष दिसावा, याचे हे एक नित्याचे कारण आहे.

नमुना आत शिरताच त्याचे बाष्प होते हे गृहीतही टिकले नाही. काचेच्या पारदर्शक प्रतिकृतीत हा प्रसंग चित्रित करून धाकट्या ग्रोब यांनी दाखविले की, सुई थंड असल्यास द्रव धारेच्या रूपात सुसाट खाली जातो व काचेच्या नळीचा तळ गाठतो. सुई तापलेली असल्यास मात्र त्याचा फवारा होतो. मिलिमीटरभर पोकळीतून एका पलात जाणाऱ्या द्रवाला बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता मिळण्यास अवधीच नसतो. नळीत काचलोकरीचा लहानसा बोळा ठेवण्याच्या जुन्या रिवाजाचे समर्थन यातून मिळाले. धार तेथे अडते व बाष्प होण्यास वेळ मिळतो. या चिमुकल्या कोठडीवर ग्रोब यांनी लिहिलेला ग्रंथ कित्येक शे पृष्ठांचा आहे, ही गोष्ट विषयाच्या गुंतागुंतीची कल्पना देण्यास पुरेशी आहे.

काचलोकरीचा पृष्ठभाग मोठा असतो आणि तापलेला पृष्ठभाग नाजूक संयुगांना मारक ठरतो. एंड्रिन हे कीटकनाशक तापलेल्या व मळलेल्या प्रवेशिकेत आपल्या ॲल्डिहाइड व कीटोन रूपांत बदलते, तर डीडीटीचे डीडीई व डीडीडी होते. हे दोन्ही पदार्थ डीडीटी निसर्गात विघटित होतानाही निर्माण होत असल्याने फसगत सहज होते. शेतात अलीकडे फवारलेले डीडीटी जुने, जिरलेले म्हणून नोंदले जाऊ शकते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या ८०८१ क्रमांकाच्या पद्धतीत म्हणूनच या दोन संयुगांचे विद्राव आधी सोडून पाहतात. त्यांपैकी कोणत्याही एकाचे विघटन १५ टक्क्यांहून अधिक झाल्यास प्रवेशिका साफ केल्याविना काम पुढे नेता येत नाही.

उष्णता काढूनच टाकावी हा विचार यातून आला. जी. शोमबुर्ग व सहकारी यांनी म्यूलहाइम येथे १९७७ मध्ये आणि ग्रोब पितापुत्रांनी १९७८ मध्ये द्रव नमुना थेट थंड केशनलिका स्तंभात सोडण्याच्या रीती प्रसिद्ध केल्या. सुमारे ०·३ मिमी. छिद्रात त्याहून बारीक सुई घालावयाची हे नाजूक काम होते. शुद्ध सिलिकेच्या लवचिक केशनलिका १९७९ मध्ये आल्यावर ते पुष्कळ सुकर झाले. या रीतीत सुईचा पक्षपात नाही, विघटन नाही व बाष्प उसळणेही नाही. अचूकतेत तिची बरोबरी दुसरी पद्धत क्वचितच करते. तरीही ती सर्वत्र रूढ झाली नाही, कारण तापलेल्या प्रवेशिकेची काचनळी मळ अडविण्याचे काम करीत असे. थेट प्रवेशात मृत्तिका, अन्न वा मूत्र यांच्या अर्कातील न उडणारा भाग स्तंभातच साचतो. काचनळी दहा मिनिटांत बदलता येते, स्तंभ महाग पडतो.

या दोहोंचा समन्वय करणारी तापमान-नियंत्रित प्रवेशिका लवकरच तयार झाली. १९७९ मध्ये डब्ल्यू. फोग्ट व सहकाऱ्यांनी २५० मायक्रोलिटरपर्यंतचा नमुना घेण्याची रीत सांगितली आणि १९८१ मध्ये एफ. पॉय यांनी सर्वसाधारण वापराची रचना मांडली. नमुना थंड काचनळीत द्रवरूपातच घेतात, विद्रावक वायूबरोबर हलकेच उडून जाऊ देतात व नंतर कोठडी झपाट्याने तापवून घटक स्तंभात पाठवितात. मळ काचनळीतच राहतो.

उष्णतेने आत आणताना नमुनाच बिघडण्याची अडचण पृथ्वीवरील प्रयोगशाळांपुरती राहिलेली नाही. १९७६ मध्ये मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांत मातीचे नमुने लहान भट्ट्यांत ५००° से.पर्यंत तापवून त्यांची बाष्पे वायुवर्णलेखकात सोडण्यात आली होती. क्लोरोमिथेन व डायक्लोरोमिथेन एवढेच कार्बनी पदार्थ दिसले व ते पृथ्वीवरून गेलेले असावेत असे ठरविण्यात आले. २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट आढळले. तापविल्यावर ते कार्बनी द्रव्य जाळून टाकते व क्लोरीनयुक्त संयुगे मागे ठेवते. भट्टीनेच पुरावा नष्ट केला असावा, असा पक्ष त्यानंतर २०१० मध्ये मांडला गेला.

अन्नाच्या परीक्षणात याच्या उलट अनुभव आला. फळभाज्यांच्या अर्कातील फॉस्फरसयुक्त कीटकनाशके शुद्ध विद्रावकातील तितक्याच प्रमाणापेक्षा मोठी शिखरे देत. डी. आर. अर्नी व सहकारी यांनी १९९३ मध्ये त्याचे कारण सांगितले. अर्कातील इतर द्रव्ये प्रवेशिकेतील क्रियाशील जागा व्यापतात, त्यामुळे कीटकनाशक त्यांना न चिकटता सुखरूप पुढे जाते. शुद्ध विद्रावात त्याला असे संरक्षण नसते. शुद्ध प्रमाणाशी तुलना केली की अर्कातील अवशेष प्रत्यक्षाहून अधिक भरतात व निर्दोष माल नाकारला जाण्याचा संभव राहतो. एम. अनास्तासियादेस, के. माश्तोव्स्का व एस. जे. लेहोटे यांनी २००३ मध्ये सॉर्बिटॉल, ग्युलोनोलॅक्टोन यांसारखी निरुपद्रवी द्रव्ये मुद्दाम मिसळून दोन्ही विद्रावांना सारखेच संरक्षण देण्याचा उपाय सुचविला. निर्यातीच्या द्राक्षांतील अवशेषांसाठी राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा असलेल्या, पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात दुसरा मार्ग वापरात आहे. तेथे प्रमाण विद्राव शुद्ध विद्रावकात न करता अवशेषमुक्त द्राक्षांच्या अर्कातच तयार करतात.