क्रेऑन

ग्रीक शोकनाट्यातील थीब्झ नगरीचा राजा. इडिपसची पत्नी योकास्ता हिचा भाऊ. सॉफोक्लीझच्या (इ. स. पू. सु. 496–406) उपलब्ध नाटकांपैकी तीन नाटकांत तो येतो. पु. ल. देशपांडे यांनी ‘राजा ओयदिपौस’ या नावाने मराठीत आणलेल्या नाटकात तो सत्तेची हाव नसलेला, समंजस मेहुणा आहे. ‘अँटिगॉनी’त (इ. स. पू. सु. 441) तोच राजा होतो. राज्यकर्त्याचा अहंकार कसा वाढत जातो हे पाहायचे तर हेच नाटक वाचावे.

इडिपसचे दोघे मुलगे राज्यासाठी लढून एकमेकांच्या हातून मरतात. नगर राखताना पडलेल्या एटिओक्लीझचा अंत्यविधी क्रेऑन सन्मानाने करवतो. परकी फौज घेऊन चालून आलेल्या पॉलिनायसीझचे प्रेत मात्र कुत्र्या-गिधाडांसाठी उघड्यावर टाकायला लावतो. आप्तांपेक्षा नगर मोठे, हे त्याच्या पहिल्या भाषणाचे सूत्र आहे आणि ते खोटे नाही. देशद्रोह्याला आपल्या भूमीत पुरू न देण्याचा कायदा अथेन्समध्येही होता. क्रेऑन त्याच्या पुढे जातो: तो प्रेताला कुठलीच माती मिळू देत नाही.

हुकूम मोडल्याची बातमी घेऊन पहारेकरी येतो. कोणी जायचे यासाठी शिपायांनी चिठ्ठ्या टाकलेल्या असतात, इतकी राजाची दहशत. प्रेतावर कोरड्या धुळीचा पातळ थर आहे, एवढेच तो सांगतो. मराठीत अंत्यविधीला आपण मूठमाती म्हणतो. इडिपसची मुलगी अँटिगॉनी हिने भावाला दिलेली मूठमाती अक्षरशः तेवढीच आहे. क्रेऑनला त्यामागे लाच दिसते. पुढे अंध द्रष्टा टायरीसिअस यालाही तो पैशाला विकला गेल्याचे ऐकवतो. आपल्याला विरोध करणारा माणूस प्रामाणिक असू शकतो, हे त्याच्या मनालाच शिवत नाही.

‘ह्यूब्रिस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता ‘गर्व’ असा देणे अपुरे आहे. दुसऱ्याला मुद्दाम अवमानित करणारे वर्तन असा त्याचा रोख असून अथेन्सच्या न्यायालयात त्याबद्दल फिर्याद करता येत असे. क्रेऑन हा आरोप अँटिगॉनीवर ठेवतो, आणि बाईपुढे हरलो असे व्हायला नको, हेही त्याच दमात बोलून जातो. नगराचा प्रश्न इथे त्याच्या स्वतःच्या मानाचा प्रश्न बनतो.

मुलगा हीमॉन, अँटिगॉनीचा वाग्दत्त वर, बापाशी आधी अदबीनेच बोलतो. पुराच्या काठची वाकणारी झाडे फांद्यांसकट वाचतात, ताठ राहणारी मुळासकट जातात, असा दाखला तो देतो. मराठी वाचकाला तुकोबांची लव्हाळी आठवतील. नगर एका माणसाच्या मालकीचे नसते, असेही तो सुनावतो. क्रेऑन त्याचे वय काढतो.

टायरीसिअसने आणलेली वार्ता फार भीषण आहे. वेदीवरचा बळी पेटत नाही. चरबी वितळून निखाऱ्यांवर ठिबकते आणि नुसता धूर होतो, कारण पक्ष्यांनी आणि कुत्र्यांनी त्या प्रेताचे तुकडे नगरातल्या वेद्यांवर आणून टाकले आहेत. तुझ्याच रक्ताचे माणूस प्रेताच्या बदल्यात द्यावे लागेल, असे बजावून तो निघून जातो तेव्हा कुठे क्रेऑन खचतो.

आधी कोंडलेल्या अँटिगॉनीला सोडव, मग मृताला थडगे दे, असे वृंद (कोरस) त्याला स्पष्ट सांगतो. तो उलटे करतो. आधी प्रेताचे उरलेले अवशेष धुतो, ताज्या तोडलेल्या फांद्यांवर जाळतो, वर मातीचा उंच ढीग रचतो. मग तिला जिवंत कोंडलेल्या गुहेकडे वळतो. तोवर तिने गळफास घेतलेला असतो. हीमॉन बापावर तलवार उगारतो, वार चुकतो, आणि तो तीच स्वतःच्या कुशीत खुपसतो. ते ऐकून राणी युरिडिसी नवऱ्याला शाप देत प्राण सोडते. चूक माघार न घेण्यातच होती असे मानणाऱ्यांनी हा क्रम पाहावा: क्रेऑन माघार घेतो, पण जिवंत माणूस आधी, हे त्याला तेव्हाही सुचत नाही.

अथेन्सचा वक्ता डिमॉस्थिनीझ याने इ. स. पू. 343 मध्ये ईस्किनीझविरुद्धच्या खटल्यात क्रेऑनचे पहिले भाषण उत्तम राज्यनीतीचा नमुना म्हणून न्यायालयात वाचून दाखवायला लावले. ईस्किनीझ पूर्वी नट होता आणि त्याने ही भूमिका केली होती. जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये 1944 साली रंगभूमीवर आलेल्या फ्रेंच नाटककार झां आनुईच्या ‘अँटिगॉन’मधला क्रेऑन मुलगा आणि बायको गेल्यावर पोरसवदा सेवकाला आज पाच वाजता काय आहे असे विचारतो, आणि सभा आहे असे कळताच त्याच्याबरोबर सभेला निघतो.