जिन्याचा चढ

गेल्या महिन्यात एका रविवारी मी आमच्या पूनम सागरमधल्या घरात डायनिंग टेबलवर तीन कोटेशनं मांडून बसले होते. रत्नागिरीजवळच्या गावी आम्ही चिऱ्याचं छोटंसं घर बांधतोय. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर एक माडी. बाकी सगळं आई-बाबांच्या मनासारखं होऊ दे, पण माडीवर जाणारा जिना लाकडी हवा, एवढा एकच हट्ट मी धरला होता.

त्यातही मला कुठलाही लाकडी जिना नको होता, गिरगावातल्या आमच्या चाळीचा हवा होता. चाळ पुनर्विकासात गेली. काका तिथली खोली रिकामी करून भाड्याच्या घरात गेले आणि इमारत पाडणाऱ्या कंत्राटदाराने दारं, खिडक्या, तुळया, जिने सगळं उतरवून विकायला काढलं. मुंबईत हे असंच चालतं. पाडकाम करणारा जुन्या लाकडाचे पैसे आधीच हिशोबात धरतो आणि मग ते लाकूड वखारींतून, ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारातून फिरत कुणाच्या तरी कॅफेचं टेबल होतं. गणपतीत धावत चढलेला जिना कॅफेत जाण्यापेक्षा आपल्या घरात आलेला काय वाईट, असं माझं म्हणणं.

बाबांनी कोटेशनं वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "लाकूड कुठलंही आण. तो जिना माझ्या घरात नको."

कारण त्यांनी लगेच सांगितलं नाही. तोवर मी जिन्यांच्या इतिहासात बरीच आत शिरले होते.

वखारीतला हिशोब

आधी पैशांचं बोलू, कारण लाकूड घ्यायला गेलेल्या प्रत्येकाचा पहिला गोंधळ तिथेच होतो. लाकूड घनफुटावर विकतात. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट जाड म्हणजे एक घनफूट. तीन फूट लांब, अकरा इंच रुंद आणि दीड इंच जाड पायरीची फळी भरते जेमतेम ०.३४ घनफूट. अशा सतरा फळ्या म्हणजे सुमारे सहा घनफूट. दोन्ही बाजूंच्या तिरक्या लांब फळ्या, ज्यांच्यावर पायऱ्या बसतात, त्या आणखी सहा. पायऱ्यांमधल्या उभ्या पट्ट्या दोन, कठडा तीन. सगळे मिळून सतरा. कापण्यात आणि रंधा मारण्यात जाणारं धरून वीस.

अख्खा ओंडका घेणाऱ्याला आणखी एक गणित कळावं लागतं. ओंडक्याचा घेर दोरीने मोजतात, त्याचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. घेर ४८ इंच आणि लांबी दहा फूट असेल, तर हिशोब येतो दहा घनफूट. भूमितीप्रमाणे त्यात पावणेतेरा घनफूट लाकूड असतं. मधला फरक करवतीत आणि सालीत जाणार हे गृहीत धरून ही पद्धत ब्रिटिशांनी रूढ केली आणि ती आजही चालते.

मला सांगितलेले भाव असे होते. आफ्रिकेतून, घानाहून आलेला साग २,८०० रुपये घनफूट. आपल्या चंद्रपूर-बल्लारपूरकडचा ४,५००. आणि पाडलेल्या इमारतींतला जुना बर्मा साग ४,०००. जुन्या लाकडात खिळे, भोकं, चिरा असतात, म्हणून तिथे वीसऐवजी चोवीस घनफूट धरावं लागतं. म्हणजे घाना ५६,०००, बल्लारपूर ९०,०००, जुना बर्मा ९६,०००. मजुरी वेगळी.

पुण्याच्या शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० साली झाली आणि १७३२ मध्ये वास्तुशांत. त्या वाड्याचा खर्च १६,११० रुपये सांगतात. साग जुन्नरच्या जंगलातून आला, दगड चिंचवडच्या खाणीतून, चुना जेजुरीहून. तेव्हाचा रुपया आणि आजचा रुपया यांची तुलना होत नाही हे मान्य. तरी माझ्या एका जिन्याच्या लाकडापुढे ती रक्कम वाचून हसू आलं. आणि १८२८ मध्ये त्याच वाड्याला आग लागली, ती आठवडाभर धुमसत राहिली. उरली ती दगडी तटबंदी आणि जोती. जुन्नरचा साग राख झाला.

मंडाले ते रत्नागिरी

मग बर्मा सागच का? आपल्याकडे साग नव्हता असं मुळीच नाही. आमच्या मीरा रोडपासून खाडीपलीकडे, आगाशी-वसईच्या किनाऱ्यावर सोळाव्या शतकात सागवानी जहाजं बांधली जात. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईच्या गोदीत आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे ब्रिटिश आरमारासाठी मलबारी सागाची जहाजं बांधली. त्यांतलं १८१७ चं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या धक्क्याला तरंगतंय. सागात तेल असतं, त्यामुळे ते पाण्याला आणि वाळवीला सहजासहजी दाद देत नाही, उन्हापावसात फारसं वाकत नाही आणि त्यात ठोकलेला लोखंडी खिळा लवकर गंजत नाही.

पण एवढी जहाजं आणि त्यानंतर रेल्वेचे स्लीपर पुरवताना जवळची जंगलं विरळ झाली, आणि व्यापाऱ्यांची नजर ब्रह्मदेशावर गेली. १८६३ मध्ये मुंबईत 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' ही कंपनी निघाली. तिथल्या राजाकडून जंगलतोडीचे हक्क घ्यायचे आणि ओंडके नदीत सोडून किनाऱ्याला आणायचे, हा तिचा धंदा. १८८५ मध्ये राजा थिबाच्या दरबाराने कंपनीवर ठपका ठेवला की तोडलेले ओंडके जास्त, पैसे भरलेले कमी. दंड झाला सुमारे २३ लाख रुपयांचा. फ्रेंचांचा तिथे वाढता वावर इंग्रजांना आधीच खुपत होता. या दंडाचं निमित्त मिळालं, नोव्हेंबरमध्ये फौजा निघाल्या आणि दोनेक आठवड्यांत मंडाले पडलं. १ जानेवारी १८८६ ला उरलेला ब्रह्मदेशही ब्रिटिश साम्राज्याला जोडला गेला.

आणि राजा? त्याला कुटुंबासह रत्नागिरीला आणून ठेवलं. समुद्राकडे तोंड केलेला थिबा पॅलेस बांधून झाला १९१० मध्ये. १९१६ मध्ये राजा तिथेच वारला. शाळेच्या सहलीत आम्ही तो पॅलेस पाहिला होता. 'ब्रह्मदेशाच्या राजाला इथे का आणलं?' हा प्रश्न तेव्हा कुणालाच पडला नव्हता. आता कोटेशनवर 'बर्मा साग, डिलिव्हरी रत्नागिरी' असं वाचताना पडला. ज्या लाकडाच्या भांडणात त्याचं राज्य गेलं, त्याच जातीचं लाकूड मी त्याच्या बंदिवासाच्या गावी पाठवायला निघाले होते.

आज बर्माहून नवा ओंडका येत नाही. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. म्हणून वखारीत घाना, बेनिन, इक्वेडोर, कोस्टा रिका अशी नावं ऐकू येतात. तो साग बहुतेक लागवडीचा, कमी वयाचा. जुन्या चाळींची तुळई जंगलात शंभर-शंभर वर्षं वाढलेल्या झाडांची. तिच्या भावात हे वयही धरलेलं असतं.

चढ कोणी ठरवला?

हे सगळं मी बाबांना उत्साहाने सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "लाकडाचं कळलं. पायऱ्यांचं मोजमाप घेतलंस का?"

घेतलं होतं. कंत्राटदाराकडे उतरवून ठेवलेल्या जिन्याला टेप लावला होता. प्रत्येक पायरीची उंची नऊ इंच, पाऊल ठेवायची जागा आठ इंच. मधोमध पावलांनी झिजून खळगे पडलेले.

मग बाबांनी सांगितलं. १९८३ साली, पावसाळ्यात, आजी त्या जिन्यावरून पडली. खुबा मोडला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. त्यानंतर नऊ वर्षांत आजी त्या जिन्यावरून दोनदाच खाली आली. एकदा हॉस्पिटलात जाताना, बाबा आणि शेजारचे दोघे खुर्चीला धरून नेत होते तेव्हा. आणि एकदा शेवटची. तेव्हाही तिला आडवं नेता आलं नाही. जिना इतका अरुंद आणि उभा होता.

"ती रोज गॅलरीत बसून खालचा भाजीवाला बघायची," बाबा म्हणाले. "पुढच्याच वर्षी मी इथे जागा घेतली. लोक म्हणायचे, मीरा रोडला कशाला जातोस, पाणी नाही, रस्ते नाहीत. मी फक्त लिफ्ट आहे का ते विचारलं होतं."

मी तेव्हा दोन वर्षांची होते. मला आजी आठवत नाही. मला जिना आठवतो, तो गणपतीतला.

त्या रात्री मी पुन्हा वाचायला बसले, पण या वेळी लाकूड सोडून चढाकडे बघत. पुण्याच्या वाड्यांमधले जिने अंधारे आणि उभे होते, कित्येकदा भिंतीच्या जाडीत दडवलेले. त्यामागे कारण होतं. हल्लेखोर आला तर एका वेळी एकच माणूस वर यावा. पण ते जिने दिवसातून वीस वेळा चढणाऱ्या, कडेवर मूल आणि हातात कळशी घेतलेल्या बाईला कुणी विचारलं नसणार.

चाळीत हल्ल्याची भीती नव्हती, तिथे भाड्याचा हिशोब होता. साडेदहा फूट उंची नऊ इंची पायऱ्यांनी चढायची तर चौदा चढ लागतात, आणि आठ इंची पायऱ्यांना लांबी पुरते पावणेनऊ फूट. तीच उंची सात इंचांनी चढायची आणि पाऊल ठेवायला दहा इंच द्यायचे, तर लांबी लागते सव्वाचौदा फूट. दर मजल्याला साडेपाच फूट जास्त, म्हणजे सोळा-साडेसोळा चौरस फूट. जिन्याला भाडं येत नाही, खोलीला येतं.

पुढे १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूंच्या डोक्यावर छप्पर राहिलं, पण मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही. पायऱ्या झिजत गेल्या, तुळयांना टेकू लागले. पडझड इतकी वाढली की सरकारला १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती मंडळ काढावं लागलं, आणि त्याच्या यादीत १९,६४२ इमारती आल्या. जिना खचला तर वरची माणसं वरच अडकतात. आग लागली तर लाकडी जिना आधी पेटतो, आणि बाहेर पडायची वाटही बहुतेक वेळा तीच असते.

१६७५ च्या सुमारास फ्रान्समध्ये ब्लाँडेल नावाच्या वास्तुविशारदाने एक साधा नियम मांडला होता. पायरीची दुप्पट उंची आणि पाऊल ठेवायची जागा यांची बेरीज माणसाच्या एका पावलाएवढी असावी. आजचे आर्किटेक्ट ती साधारण २४ ते २५ इंच धरतात. आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेतही घरातल्या पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर आणि रुंदी कमीत कमी २५० मिलिमीटर आहे. चाळीच्या जिन्याची बेरीज २६ येते. दोन इंच फारसे वाटत नाहीत. पण उंची १९० च्या जागी जवळजवळ २३० मिलिमीटर आणि पाऊल ठेवायला जेमतेम २००, म्हणजे उतरताना टाच टेकते आणि बोटं हवेत.

सात आणि दहा

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा टेप घेऊन दारात उभे होते. "चल, आपला जिना मोजू."

आपला म्हणजे आमच्या इमारतीचा. आरसीसीचा, पिवळट दिव्याचा, कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या असलेला. मी कधी त्याचा फोटो काढला नाही. २००१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ५ लाख २० हजार होती, २०११ मध्ये ८ लाख ९ हजार. त्यांतले कितीतरी आमच्यासारखे दक्षिण मुंबईतून आलेले, आणि रोज असेच जिने चढणारे.

उंची सात इंच, पायरी दहा इंच. बेरीज चोवीस.

"लिफ्ट बंद असते तेव्हा मी हा चढतो," बाबा म्हणाले. ते आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. "दम लागतो, पण भीती वाटत नाही."

मी गावच्या सुतारकाकांना फोन लावला. ते म्हणाले, "ताई, सात-दहानं घ्यायचा तर तुमचा हॉल कमी होईल. नकाशात जिन्याला नऊ फूटच सोडलेत."

मी फोन स्पीकरवर टाकला. बाबा म्हणाले, "होऊ दे कमी."

जुना जिना मी घेतला नाही. त्याच्या अरुंद पायऱ्यांमधून अकरा इंची फळी निघालीही नसती. त्याऐवजी त्याच चाळीच्या पाच तुळया घेतल्या, दहा फूट लांब, बारा बाय सहा इंच. एक तुळई पाच घनफूट, म्हणजे एकूण पंचवीस. भाव तोच, चार हजार. एक लाख झाले. हॉलची भिंत सरकवायचा खर्च वेगळा. घानाच्या सागात हे सगळं जवळजवळ निम्म्यात झालं असतं, आणि घर बांधणाऱ्या कुणालाही मी तोच सल्ला देईन. किंवा जिना सिमेंटचा करा आणि वर नुसत्या पायऱ्यांच्या फळ्या लावा, सात घनफुटांत भागतं.

तुळया मागच्या आठवड्यात गावी पोचल्या. सुतारकाकांनी पहिली कापली तेव्हा व्हिडिओ पाठवला. वरून काळी, आतून मधाच्या रंगाची. बाबांनी तो दोनदा पाहिला आणि काकांना पाठवला.

मग सुतारकाकांचा प्रश्न आला, कठडा एका बाजूला की दोन्ही? भिंतीच्या बाजूला कठड्याची गरज नसते, लोक तिथे पैसे वाचवतात.

"दोन्ही बाजूंना," बाबा म्हणाले. "आणि हाताच्या मुठीत मावेल एवढाच जाड."