लाल टोपणाची सिरिंज

आदल्या रात्री ९.३०
केशरी टोपणाच्या सिरिंज संपल्या होत्या. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून "इन्सुलिनच्या द्या" एवढंच सांगून मी दहा आणल्या. पिशवी न उघडताच कपाटात ठेवली.

सकाळी ७.००. दहा तास उरले.
मन्याने वाटी चाटूनपुसून साफ केली. साडेपाच किलोचा आमचा बोका. चार महिन्यांपूर्वी मधुमेह निघाला, तेव्हापासून दर बारा तासांनी दोन युनिट ग्लार्जिन. मानेमागची कातडी चिमटीत धरून मी सुई टोचली. टोपण लाल दिसलं. कंपनी वेगळी असेल म्हणून सोडून दिलं आणि ऑफिसला निघाले.

लाल टोपणाची सिरिंज एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी असते, केशरी १०० साठी. आमची बाटली १०० ची. लाल सिरिंजच्या दोन युनिटच्या खुणेपर्यंत ०.०५ मिलिलिटर औषध भरतं. म्हणजे मन्याच्या अंगात दोनऐवजी पाच युनिट गेली होती.

सकाळी ११.००. सहा तास उरले.
आईचा फोन. "अगं, हा सारखा वाटीपाशी जाऊन ओरडतोय. डॉक्टरांनी दोनच वेळा सांगितलंय ना, म्हणून दिलं नाही."
"बरं केलंस," मी म्हणाले.
रक्तातली साखर उतरायला लागली की आधी भूक लागते. तो मागत होता ते बरोबर होतं. तेव्हाच खायला देऊन डॉक्टरांना फोन केला असता तर वेळ हातात होता. कानाच्या कडेला टोचून एक थेंब ग्लुकोमीटरवर घेतला असता, तरी कळलं असतं.

दुपारी १.००. चार तास उरले.
ओरडणं थांबलं. दिवाणाखालून निघाला तो झोकांड्या खात, दाराच्या चौकटीला आपटला. आईला वाटलं, झोपेत आहे.

दुपारी २.०५. तीन तास उरले.
झटके. पाय ताठ, तोंडाला फेस. डॉक्टर फोनवर म्हणाले, "मध बोटाने हिरड्यांना चोळा. तोंडात ओतू नका, श्वासात जाईल. ताबडतोब निघा." थरथरत्या हातांनी आईने मध चोळला आणि त्याला टॉवेलात गुंडाळून ती रिक्षात बसली. सिंहगड रस्त्यावर रिक्षा अडकली.

दुपारी २.५०
मीटरवर आकडाच उमटेना, नुसतं 'लो'. शिरेतून ग्लुकोज सुरू झालं. झटके थांबले, पण डोळे कुठेच स्थिरावेनात.

संध्याकाळी ५.००
मन्या गेला.

इन्सुलिनने त्याला चार महिने चांगले दिले होते. वजन भरलं होतं, तो पुन्हा खिडकीत उडी मारत होता. चूक औषधाची नव्हती. तुमच्या घरात असं मांजर असेल तर आज बाटली आणि सिरिंज शेजारीशेजारी धरा आणि दोन्हींवरचा आकडा मोठ्याने वाचा. ४० ला ४०, १०० ला १००. टोचणारं माणूस बदललं तर त्यालाही वाचायला लावा. आणि मध हाताशी ठेवा.