आव्याचा विस्तव आणि कोळशाचा हिशेब

आपल्या संघाच्या स्मरणिकेत ज्ञातीच्या इतिहासावर एखाददुसरा लेख दरवर्षी असतोच. त्यात संत गोरोबाकाकांचे चरित्र येते, बारा बलुतेदारांतील आपले स्थान येते, संक्रांतीच्या सुगडापासून नवरात्रातील घटापर्यंत आपल्या हातच्या वस्तूंना धर्मकार्यात असलेला मान येतो. हे सर्व योग्यच आहे. परंतु ज्या विस्तवावर आपल्या पूर्वजांनी माती पक्की केली, त्या विस्तवाचा इतिहास कोणी लिहिलेला आमच्या पाहण्यात नाही. चाकाविषयी बोलताना आपली वाणी रसाळ होते. आव्याविषयी आपण मौन पाळतो. कारण उघड आहे. चाक पाहणाऱ्यास भुरळ घालते, आवा पाहणाऱ्याच्या डोळ्यांत धूर घालतो.

आता मात्र हे मौन सोडणे प्राप्त झाले आहे. २२ फेब्रुवारी २०२२ रोजी केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने वीटभट्ट्यांविषयी अधिसूचना काढली. नवी भट्टी काढावयाची तर ती नागमोडी हवेची (जिला सर्वजण झिगझॅग भट्टी म्हणतात), उभ्या नळीची अथवा नळाने येणाऱ्या वायूवर चालणारी असावी, आणि जुन्यांनीही ठराविक मुदतीत तसा पालट करावा, असा तिचा आशय होता. ज्या शहरांची हवा दूषित ठरली आहे त्यांच्या दहा किलोमीटरच्या आतील भट्ट्यांस एक वर्ष, इतरांस दोन वर्षे अशी मुदत तीत होती. त्यानंतर आपल्या बैठकांतून ज्या चर्चा झाल्या त्यांत संताप पुष्कळ होता, माहिती थोडी होती. म्हणून हा लेखनप्रपंच.

आपला मूळचा आवा म्हणजे काय, हे या स्मरणिकेच्या वाचकांस सांगणे नलगे. जमिनीत उथळ खळगा करावा, गोवऱ्या, काटक्या, तूस यांचे थर द्यावेत, वर मडकी रचावीत, फुटक्या खापऱ्यांनी व राखेने सर्व झाकून घ्यावे आणि वाऱ्याचा रोख पाहून विस्तव घालावा. रात्रभर जागून घरातील वृद्ध स्त्री कोठे ज्वाळा फुटली की त्या ठिकाणी राखेची पाटी टाकी. आमच्या आजीचे हे काम आम्ही लहानपणी पाहिलेले आहे. या आव्याला फार उष्णता लागत नसे, आणि जळण गावातील टाकाऊ वस्तूंचे असे. जे फुकट मिळते त्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. ही हिशेब न ठेवण्याची सवय आपल्याला पुढे महाग पडली, असे आमचे मत आहे.

विटा आपण पूर्वीही पाडीत होतो. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या तटाचा वरचा भाग विटांचाच आहे. पण वीट हा अनेक कुंभार कुटुंबांचा मुख्य धंदा झाला तो इंग्रजी अमदानीत. १८५३ मध्ये आगगाडी सुरू झाली, पाठोपाठ पूल, कचेऱ्या, गिरण्या व चाळी आल्या, आणि मडक्यांच्या आव्याचेच मोठे रूप म्हणून उघडी वीटभट्टी नदीकाठी उभी राहिली. आव्यात गोवऱ्या होत्या, येथे दगडी कोळसा आला; बाकी रचना तीच. मात्र मडके पातळ असते आणि वीट भरीव. वीट पक्की होण्यास नऊशे ते हजार अंश उष्णता तिच्या गाभ्यापर्यंत पोहोचावी लागते. उघड्या भट्टीत यातील बराच भाग माथ्यावरून व बाजूंनी आकाशात जातो. पुढे भट्टी विझते, आणि लाखभर तापलेल्या विटांमध्ये साठलेली सर्व उष्णता आठ-पंधरा दिवस वाऱ्यावर निवत राहते. एवढे होऊन बाहेरच्या थरातील विटा कच्च्या राहतात व मधल्या काही वितळून खंगर होतात, ते वेगळेच.

ही वाया जाणारी उष्णता पकडण्याची युक्ती १८५८ मध्ये जर्मनीत फ्रीडरिश हॉफमान यांनी काढली, आणि पुढील सर्व सुधारित भट्ट्या तिच्याच लेकी-सुना आहेत. म्हणून ती नीट समजून घेऊ. हॉफमानांनी भट्टी वर्तुळाकार केली आणि विटांऐवजी विस्तव फिरता ठेवला. विस्तवाच्या मागे भाजून झालेल्या तप्त विटा असतात. आत येणारी हवा त्यांच्यामधून जाते, त्यांना निववते आणि स्वतः तापून विस्तवाला मिळते. विस्तवाच्या पुढे कच्च्या विटा असतात. निघालेला तप्त धूर त्यांच्यामधून जाऊन त्यांना वाळवतो व तापवतो, आणि थंड होऊन धुराड्यावाटे निघतो. एका विटेची उष्णता दुसरीच्या कामी येते. आपल्या घरात चुलीच्या मागच्या वैलावर पाणी तापत ठेवतात, त्यातले हे तत्त्व आहे. ते चुलीपुढून आव्यापर्यंत आपण कधी नेले नाही, याचे आम्हांस नवल वाटते.

या काळात चांगली भट्टी हिंदुस्थानात आली, पण कुंभाराच्या अंगणात आली नाही. १८६५ मध्ये बाझेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट यांनी मंगळुरास कौलांचा कारखाना काढला. ती सपाट, खाचेत खाच बसणारी तांबडी कौले गलबतांनी कोकणच्या बंदरांत उतरू लागली, आणि आपल्या नळीच्या कौलांचा धंदा घराघरांतून बसला. आपल्या वडीलधाऱ्यांनी याचा दोष यंत्राला दिला. यंत्राचा वाटा होता हे खरे. पण कौल एकसारखे भाजले जाते, फुटत नाही व गळत नाही, हे श्रेय भट्टीचेही होते. आणि ती भट्टी कशी चालते हे पाहावयास आपल्यापैकी कोणी गेल्याचे आम्ही ऐकलेले नाही. कोणी गेले असते तरी भांडवल कोठून आणणार होते, हा प्रश्न उरतोच.

हॉफमानांच्या भट्टीला पक्के छप्पर व बांधकाम लागे. १८७६ मध्ये बुल नावाच्या इंग्रज इंजिनिअरांनी तिचे छप्पर काढून टाकून जमिनीतील चराची स्वस्त भट्टी केली. उत्तर हिंदुस्थानात ती सर्वत्र पसरली. आपल्याकडे उघडी भट्टीच टिकली, याला केवळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. चराची भट्टी एकदा पेटली की महिनोन् महिने विझता कामा नये. तिला रोज वीस-तीस हजार कच्च्या विटा लागतात. आपले कुटुंब दिवाळीनंतर विटा पाडू लागते आणि पावसापूर्वी चार-पाच भट्ट्या लावते. काळ्या मातीच्या मुलखात विटेजोगी माती तुकड्यातुकड्याने मिळते. आज या नदीच्या वळणावर, उद्या दुसऱ्या ओढ्याकाठी. उघडी भट्टी हलवता येते, धुराडे हलवता येत नाही.

कुंभाराचा विचार कोणी केलाच नाही असेही नव्हे. १९३४ मध्ये वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व जे. सी. कुमारप्पांनी ग्रामोद्योगांच्या हत्यारांचा व प्रक्रियांचा शास्त्रीय अभ्यास आरंभिला. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघाद्वारे कुंभारकामाचे शिक्षण व सुधारणा यांस आयुष्य वाहिले. १९५७ मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोग आला. २०१८ पासून त्याने कुंभार सशक्तीकरण योजनेखाली विजेची चाके वाटली. त्या चाकांनी अनेकांच्या दंडाचे कष्ट वाचले आणि आम्ही त्याबद्दल कृतज्ञ आहोत. पण चाक जळण खात नाही. जळण खाणारी भट्टी बहुतेकांच्या घरी आजोबांच्या वेळची होती तशीच राहिली.

राखेच्या बाबतीत सरकारचा नियम आणि आपली वहिवाट यांचा योगायोगाने मेळ बसला. १४ सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेने औष्णिक वीजकेंद्रांच्या पन्नास किलोमीटरच्या परिसरात विटांच्या मातीत किमान पंचवीस टक्के राख मिसळणे आवश्यक झाले. २००३ मध्ये हे अंतर शंभर किलोमीटर केले गेले. कोराडी, चंद्रपूर, भुसावळ, परळी, एकलहरे या भागांतील बांधवांस हे प्रथम जुलमाचे वाटले. परंतु काळ्या मातीची वीट वाळताना आकसून तडकते. राखेमुळे ते कमी होते. शिवाय राखेत न जळलेला कोळसा थोडाबहुत असतो, तो विटेच्या पोटातच जळतो. आपले पूर्वज मातीत तूस व लीद मिसळीत, त्यातील लाभ हाच. याच राखेपासून न भाजता केलेली वीटही बाजारात आली आणि आज ती आपली प्रतिस्पर्धी आहे, हेही नमूद केले पाहिजे.

उभ्या नळीच्या भट्टीची हकीकत थोडी निराळी आहे. ती चीनच्या खेड्यांतील. स्विस सरकारच्या साहाय्याने १९९६ मध्ये मध्य प्रदेशातील दतिया येथे ती प्रथम उभारली गेली. हीत विस्तव एका जागी स्थिर असतो. विटा वरून भरतात, त्या हळूहळू खाली उतरतात आणि सुमारे एका दिवसात भाजून तळाशी निघतात. कोळसा सर्वांत कमी लागतो आणि भट्टी लहान प्रमाणावर चालते. वर्णन ऐकून ही कुंभारासाठीच निर्माण झाली असे वाटते. परंतु वीट एवढ्या झपाट्याने तापते की पुष्कळ ठिकाणची माती ते सहन करीत नाही, तडा जातो. आणि दर दोन-तीन तासांनी विटांचा एक थर काढण्यास रात्रंदिवस माणूस उभा लागतो. अपेक्षेप्रमाणे ती पसरली नाही.

राहिली नागमोडी भट्टी. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात तिच्यावर काम केले होते. हीत विटा अशा रचतात की हवेला वळणे घेत लांबचा रस्ता चालावा लागतो. त्यामुळे हवा व कोळसा नीट मिसळतात आणि काळा धूर, म्हणजे न जळलेला कोळसाच, फारसा बाहेर पडत नाही. हिशेब करून पाहू. उघड्या भट्टीत एक किलो वीट भाजण्यास दोन ते तीन मेगाज्यूल उष्णता लागते. चांगल्या नागमोडी भट्टीत सुमारे एक पूर्णांक एक. तीन-तीन किलोच्या एक लाख विटा आणि किलोमागे वीस मेगाज्यूल देणारा कोळसा धरला, तर उघड्या भट्टीस कमीत कमी तीस टन कोळसा लागेल आणि नागमोडीस साडेसोळा. राहिलेले साडेतेरा टन आपण प्रत्येक लाखामागे गावाच्या हवेत सोडतो, आणि भट्टीजवळ राहणारी आपलीच मुले तो धूर पहिल्याने घेतात.

मात्र भट्टी बदलली म्हणजे सर्व झाले, असे नाही. बांगलादेशात नागमोडी भट्ट्या पुष्कळ झाल्या, पण वाईट रीतीने चालवल्या जात. तेथील २७६ भट्ट्यांवर केलेल्या प्रयोगाचा वृत्तांत २०२५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. काही भट्ट्यांच्या मालकांना व कामगारांना शिकवले ते एवढेच: विटा कशा रचाव्यात, कोळसा एकदम न ओतता थोडा थोडा सतत कसा द्यावा, सोबत भुसा कसा वापरावा, वर राखेचा थर जाड कसा ठेवावा. नवे यंत्र नाही, नवे धुराडे नाही. शिकवलेल्यांपैकी सुमारे पासष्ट टक्क्यांनी ही रीत उचलली आणि त्यांचे जळण सुमारे तेवीस टक्क्यांनी वाचले. ‘राखेचा थर जाड ठेवावा’ हे वाचताना आम्हांस आजीची पाटी आठवली.

यावरून आमचे मत असे झाले आहे की धुराडे बांधण्याची सक्ती एकट्या कुटुंबावर टाकणे व्यर्थ आहे. त्याच्या चार भट्ट्यांच्या विटा त्या धुराड्याला महिनाभरही पुरणार नाहीत. जेथे एका नदीकाठी पंधरा-वीस कुटुंबे आहेत तेथे सहकारी भट्टी, आणि ती चालवण्यास हाताशी घेऊन शिकवणारा माणूस, हे सरकारकडे मागावयाचे. परंपरागत कुंभारांस मातीच्या स्वामित्वधनात सवलत मिळण्यासाठी आपण एकजुटीने अर्ज केले. तितक्याच निकराने भट्टीच्या कर्जासाठी व शिक्षणासाठी ते झाले नाहीत.

गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून कच्चे कोण, पक्के कोण हे सांगितले, ही कथा आपण उत्सवात दरवर्षी ऐकतो. आपणही विटेवर वीट आपटून आवाजावरून तिची पारख करतो. ही पारख अचूक असते, पण ती भट्टी विझल्यावरची. गेल्या हंगामात भीमाकाठी आमच्या नात्यातील एका काकांच्या भट्टीवर आम्ही गेलो व विचारले, “काका, एका भट्टीला तुम्हांला कोळसा किती लागतो?” ते म्हणाले, “दोन गाड्या.” गाडी केवढी, हे त्यांना सांगता येईना. मग शेजारच्या गुळाच्या गुऱ्हाळातून काटा आणून आम्ही दोघांनी एका गाडीतला कोळसा टोपली टोपलीने तोलला. व्यापाऱ्याने सांगितलेल्या वजनाला तो चांगलाच कमी भरला, आणि तळाचा कोळसा पाण्याने ओलाचिंब होता. काका बराच वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “चाळीस वर्षे विटा मोजल्या बाबा, कोळसा कधी मोजला नाही.” काटा परत न्यावयास गुऱ्हाळाचा गडी आला, तेव्हा दुसरी गाडी येईपर्यंत तो राहू द्यावा, असे त्यांनी त्याला सांगितले.